लांब बाह्या

थोरल्या लेकीनं अर्धा तास हात हलवले नाहीत, तर शिंप्याचा फायदाच फायदा होता. शाळेत प्रवेश मिळाला की रोज पाच तास मशीन बिनघोर चालणार. शिवाय गिऱ्हाइकांचं ते दबक्या आवाजातलं "हिला काय झालंय हो?" कायमचं बंद. तोटा काय, ते त्यानं पाहिलं नव्हतं. मापं घेण्यात हयात गेली, पण ती दुसऱ्यांची.

मुख्याध्यापिका बाई घरी येऊन मूल बघत, मगच प्रवेश देत. म्हणून महिनाभर तालीम चालली होती. खूश झाली की थोरली दोन्ही हात पंखांसारखे फडफडवायची. तेच बंद करायचं होतं. वेताच्या खुर्चीवर बसायचं, तळहात मांड्यांखाली. हात बाहेर दिसला की शिंपी लाकडी पट्टी टेबलावर आपटायचा. नऊ वर्षांची पोर, शिकली बिचारी.

बाई घामाघूम होऊन आल्या. पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला आणि म्हणाल्या, "ही अशी हातांवर का बसलीय?"

"शिस्त, मॅडम! हात अजिबात हलवत नाही आता."

"हलवले तर कुणाचं काय जातं?"

एवढ्या तयारीत हा प्रश्न काही आला नव्हता. शिंपी नुसताच हसला.

"आमच्याकडे एक गोल गोल फिरतो, एक दिवसभर गुणगुणते. खुशाल करू देत. फक्त दुसऱ्याला दुखवलेलं चालत नाही. मारते, चावते का ही कुणाला?"

"छे छे! मुंगीलासुद्धा नाही."

सहा वर्षांची धाकटी दाराला टेकून उभी होती. जीव नकोसा करणाऱ्या उकाड्यात तिच्या फ्रॉकला पार मनगटापर्यंत बाह्या, कफांना दोन-दोन बटणं. शिवण मात्र अशी सुबक, की बघत राहावं. बाई बघतच राहिल्या.

"काय गं, उकडत नाही तुला?"

"उकडतं. पण बाबांनी मुद्दाम असाच शिवलाय."

बाईंनी तिला जवळ घेतलं, एक कफ सोडला, बाही वर सारली. दातांच्या खुणा होत्या. काही पिवळ्या पडलेल्या, काही अजून जांभळ्या.

"थोरलीला कळत नाही हो, मॅडम," शिंपी घाईघाईनं म्हणाला. "तिला काय बोलणार? म्हणून हिलाच सांगतो, तू शहाणी ना, तू सांभाळून घे."

"हात हलवायचे नाहीत, हे बरं महिन्यात कळलं तिला. चावायचं नाही, हे किती दिवस शिकवलंत?"

त्या महिन्यात शिंप्यानं लांब बाह्यांचे दोन फ्रॉक शिवले होते.

"ताई आधी नव्हती चावत," धाकटी बहिणीची बाजू घेत म्हणाली. "हातांवर बसवलं ना, की मगच चावते."

बाई उठल्या. "हात मोकळे सोडा तिचे. आणि चावायचं नाही, हे रोज शिकवा. वेळ लागेल, पण शिकेल. तोवर मला घेता येणार नाही. आमचा गणवेश अर्ध्या बाह्यांचा आहे."

त्या गेल्यावर शिंपी खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला. "सोड गं हात. हलव. हवे तेवढे हलव."

थोरलीनं टेबलावरच्या पट्टीकडे पाहिलं. हात निघाले नाहीत. शेवटी त्यानंच ते ओढून बाहेर काढले. ते त्याच्या ओंजळीत तसेच पडून राहिले. तिचा श्वास मात्र भरभर होऊ लागला.

तो आवाज धाकटीच्या ओळखीचा होता. ती पुढे आली, दुसऱ्या कफाची बटणं तिनं स्वतःच काढली, बाही कोपरापर्यंत गुंडाळली आणि हात पुढे धरला.

"घे ताई. लवकर आटप."

थोरलीच्या तळहातांवर वेताची जाळी उमटली होती, धाकटीच्या हातांवर दात. शिंप्यानं आपले हात उलटसुलट करून पाहिले. सुई टोचल्याची एक खूण होती. तीही जुनी.