कुंकवाचं बोट
दसऱ्याला रंगूबाईने घरातली हत्यारं पुजली, तेव्हा मुलाने घरीच बनवलेल्या दुर्बिणीच्या आरशालाही कुंकवाचं बोट लावलं. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतली पूजा आटोपून आलेला दौलत ओरडला, “आई, वाटोळं केलंस! कशाला हात लावलास?” “अरे, तुझं हत्यारच ना ते?” ती पुटपुटली. वर्षभर त्याने काच घासून आरसा घडवला, तेव्हा पाणी तिनेच घातलं होतं. कुंकू पुसताना तिथला चंदेरी मुलामाही निघाला. संध्याकाळी गच्चीवर त्याने धाकधुकीतच दुर्बीण शनीवर रोखली. कडं लख्ख दिसलं. ताटाएवढ्या आरशाला बोटभर डागाने काहीच झालं नव्हतं. खजील होऊन त्याने आईला वर बोलावलं. ती स्टुलावर चढली, डोळा लावून हसली. “शनी सरकला रे.” “नळी हळूच ढकल, परत दिसेल.” रिकाम्या काळोखाकडे बघत ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात पदरात गुंडाळून.