मान हलवायची सवय

नारपोलीच्या यंत्रमाग कारखान्यात चोवीस लूम एकदम धडधडत, त्यामुळे मॅनेजर सार्थक कारागिरांचं बोलणं नुसती मान हलवून ऐकायचा. एके दुपारी वीज गेली, तेव्हा त्याला कारागीर शकीलच्या हातावरची पट्टी दिसली. “सात नंबर का स्विच करंट मारता है,” शकील म्हणाला. “मग आधी सांगायचं ना.” “तीन बार बताया, साहब. आपने गर्दन हिलाई.” सार्थकला त्यातलं काहीच आठवेना. त्यानं सात नंबर बंद ठेवायला सांगितलं. तेवढ्यात वीज आली, बाकीचे लूम सुरू झाले. माल संध्याकाळीच कशेळीच्या गोदामात पोचवायचा होता. पलीकडच्या लूमवरून म्हातारे कारागीर केसरीनाथ त्याला काहीतरी सांगू लागले. सार्थकची मान हलली. मग त्यानं भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. सगळे लूम थांबले. “बोला, काका.” “काय न्हाय, टाइम इचारत होतो.” “सव्वाचार,” सार्थक घड्याळ बघून म्हणाला.