माती नको

"आणि शेवटी, काका," रीतानं विचारलं, "तुम्ही गेल्यावर तुमचं काय करायचं, तेही तुम्हीच सांगा."

उशीला टेकून बसलेल्या टेकचंदनं पाण्याचा घोट घेतला. पोटातला कॅन्सर आता औषधाला दाद देत नव्हता. दवाखान्यानं तसं साफ सांगितलं होतं. तेव्हापासून रीता ही नर्स दर मंगळवारी चिखल्याला त्याच्या घरी यायची, दुखण्याचं औषध द्यायची, अंग पुसायची. आज तिनं फॉर्म आणला होता. शेवटी दवाखान्यात न्यायचं की घरीच ठेवायचं, नळ्या लावायच्या की नाही, इथवर लिहून झालं होतं.

"त्यात काय विचाराचं?" श्यामराव म्हणाले. टेकचंदचे हे थोरले भाऊ सकाळच्या एसटीनं आसगावहून आले होते. "आपल्यात माती देतेत. बाबाच्या बाजूले जागा हाये. तिथंच नेऊ."

खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या धुरपतानं पदर पुढं ओढला. ती टेकचंदची बायको. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण भासऱ्यांसमोर, नवऱ्याच्या या थोरल्या भावासमोर, तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं.

"मले पुरू नोका, दादा," टेकचंद म्हणाला.

"काहून?"

"एकतीस वर्षं खाणीत खाली उतरलो. पिंजरा खाली जाऊ लागला का वरतं पाहून घेत होतो. आभाळ दिसन तेवढं." त्याला धाप लागली. ती बसल्यावर तो म्हणाला, "मेल्यावर तरी खाली नोका धाडू. जाळा मले. उघड्यावर."

धुरपताला हे नवंच होतं. खाणीतून आला की तो आंघोळीला पाणी मागायचा. दुसरं काही बोलायचा नाही.

"अन् जातवाले काय म्हणतीन?" श्यामरावांचा आवाज चिरकला. "ते जागा तुयासाठीच राखली ना रे मी."

"तिथं तू नीज, दादा."

रीतानं पेन खाली ठेवला. "श्यामकाका, कागदावर आधी त्यांची इच्छा. पण तुमच्या मनाला लागत असेल, तर तेही आजच बोला. नंतर ऐकायला ते नसतील."

श्यामरावांनी दाराबाहेर पाहिलं. मग खाकरून म्हणाले, "वाळलेलं लाकूड लागंल. पावसाचं पाणी सुरू व्हायच्या आधी भरून ठेवतो."

रीतानं ते लिहून घेतलं आणि दुसरा कागद पुढं ओढला. "काकू, तुमचं?"

"ते म्हणतीन तसं," धुरपता पुटपुटली.

"त्यांच्याबद्दल नाही विचारत. तुम्ही गेल्यावर तुमचं काय करायचं, ते सांगा."

धुरपताला असं कोणी विचारलं नव्हतं. माहेरी नाही, सासरी नाही. तिनं पदराआडून भासऱ्यांकडे पाहिलं. श्यामरावांनी तिला बोलता यावं म्हणून तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मले मातीच द्या," ती म्हणाली. "आसगावले, सासूच्या पायाशी. आगीचा मले भेव लागते."

टेकचंद तिच्याकडे टक लावून बघत होता.

"म्हंजे मी इकडं अन् तू तिकडं?" तो म्हणाला. "एकटी राहशीन?"

"तुमची रातपाळी राहे तवा कोण होतं मायापाशी? एकटीच निजत होती ना मी."

टेकचंद हसायला गेला, पण त्याचे डोळे भरून आले. धुरपतानं त्याच्या पायावरची चादर नीट केली. मग पदर मागं सारून ती रीताकडे वळली.

"लिव बाई," ती म्हणाली. "दोघायचं येगयेगळं लिव."