पाठीवरचं नाव

नाथाजीनं चुलत्याचा हात सरळ गोधडीखालनं ओढून बाहेर काढला. विचारणं नाही, काही नाही. आप्पासोंच्या अंगावरनं वारं गेलेलं, जीभ उचलत नाही, उजवी बाजू मेलेली. घड्याळ डाव्या मनगटात. म्हातारा तो हात मागं ओढतोय, हा पुढं ओढतोय, असं चाललेलं दहिवडीत, भर दुपारी.

सोबत सांगलीचा जवाहर. जुनी डिजिटल घड्याळं गोळा करायचा नाद त्याला. दारात म्हणाला, आजाऱ्याला बघायला आलोय. आणि बघितलं काय, तर घड्याळ. खिशातनं भिंग काढून डोळ्याला लावलं, बटण दाबलं. काळ्या काचेत लाल आकडे पेटले, तसा गडी लय खूश. तेवढ्यात आप्पासोंची लाळ गळली. ह्यानं ती गोधडीला पुसली. घड्याळावरची हां. तोंडावरची नाही.

मग नाथाजीला समजावत बसला. काच मूळची, पट्टा मूळचा, असलं घड्याळ अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नसंल. आता सगळं पाठीवरच्या नंबरावर. नंबर पाचशेच्या आतला निघाला तर पहिल्या खेपेतला माल, मुंबईत पंधरा हजाराला मरण नाही.

पट्टा सोडला. खाली पांढरीफटक कातडी, वर मळाचा थर. जवाहरनं नाक मुरडत घड्याळ उलटं केलं.

पाठीवर नाव. आप्पासोंची बायको बनाबाई, तिनं वीस वर्षांमागं औंधच्या जत्रेत भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडनं कोरून घेतलेलं. ‘आप्पासो यांस बनाबाईकडून’. तेही नेमकं नंबराच्या डोक्यावरनं. एक आकडा धड वाचता येईना.

"वाटोळं केलं," जवाहर म्हणाला. "घड्याळ हाय का हंडा?"

नाथाजी काकीवर असा उखडला, जसं काय त्याचंच घड्याळ तिनं नासवलं. बनाबाई उशाशी उभी होती. एवढंच म्हणाली, की नाव होतं म्हणून तर आप्पासो मुंबईला असताना खोलीवर ते कुणी ढापलं नाही.

जवाहर मात्र डोकेबाज. असलंच एक बंद पडलेलं त्याच्या घरी होतं, नंबर चांगला, पाठ स्वच्छ. ती पाठ ह्याला बसवायची. गिऱ्हाइकाला काय कळतंय? नाथाजीचा जीव भांड्यात पडला. तिथंच, आजाऱ्याच्या छातीवर घड्याळ टेकवून, जवाहरनं चाकूच्या टोकानं झाकण उचकटलं. नाथाजीनं ते झाकण काकीच्या हातावर ठेवलं.

"नाव तुझं तुला. काकास्नी आता टाईम बघून कुठं जायचंय?"

आप्पासोंच्या घशातनं कसलासा आवाज आला. डावा हात तसाच वर, बोटं उघडतायत, मिटतायत.

बनाबाईनं तो हात धरून खाली घेतला, गोधडीत घातला.

"नाथाजी," ती म्हणाली, "आलाच हाइस तर त्येंचं तोंडबी बघून घे. आत एक दात सोन्याचा हाय."

आणि आईशप्पथ सांगतो गड्यांनो, नाथाजी वाकला.