घड्याळकाकांची आठ डोकी

"अहो सलूनवाले, चेहरा पुढच्या बाजूला असतो," मास्तर म्हणाले आणि वर्गात हशा पिकला.

सलूनवाला ओशाळून पुढे आला. आज वर्गाचा चौथा रविवार, आणि आजही तो नकळत घड्याळकाकांच्या स्टुलामागे जाऊन उभा राहिला होता. तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या पाठीशी उभं राहिलेले पाय तिकडेच वळायचे. त्याला तो तरी काय करणार!

आठ विद्यार्थी, आठ फिरते स्टँड, आठ मातीची डोकी आणि मधोमध काका. मास्तरांनी माणूस मात्र झकास निवडला होता. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेले काका दोन-दोन तास जागचे हलत नसत. भिंग लावून लावून त्यांचा उजवा डोळा बारीक झाला होता, भोवती सुरकुत्यांचं जाळं. नाकही जरासं एका बाजूला कललेलं.

बसण्याबद्दल काका काही मागत नसत. अट एकच. शेवटच्या रविवारी आठांतलं एक डोकं ते स्वतः निवडणार आणि घरी नेणार. तेवढं मास्तर प्लास्टरमध्ये ओतून देणार. बाकी सातांची माती पुन्हा पिंपात, पुढच्या वर्गासाठी.

ते एक डोकं आपलं असावं असं सलूनवाल्याला फार वाटत होतं. आयुष्यभर त्यानं जे जे केलं ते महिनाभरात पुन्हा वाढलं होतं. मागे उरेल असं एकदा तरी हातून काही व्हावं, एवढंच त्याचं म्हणणं.

पण समोर बसून त्याला काही दिसेचना. गाल जमला की हनुवटी बिघडे, हनुवटी सावरली की कान भलतीकडे जाई.

"तुम्हाला माणूस खुर्चीत बसल्याशिवाय दिसत नाही," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "बोलवा की काकांना दुकानात."

त्याला ते पटलं. पटल्याचं त्यानं तिला कळू दिलं नाही.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी काका आले आणि खुर्चीत ऐसपैस बसले. सलूनवाल्यानं वर्गातून आणलेला मातीच्या डोक्याचा स्टँड आपल्या हाताशी घेतला आणि नेहमीच्या जागी, काकांच्या मागे उभा राहिला.

"कापड घालू का गळ्याभोवती?"

"घाल बाबा. त्याशिवाय इथे चुकल्यासारखं वाटतं."

दोघंही हसले. मग काय झालं कोण जाणे, त्याचे हात सुटले. मान वर केली की चेहरा, खाली केली की माती. कपाळ, भुवया, तो बारीक डोळा, ते कललेलं नाक, सगळं आपापल्या जागी येऊन बसू लागलं. काका घड्याळांच्या आणि ती विसरून जाणाऱ्या लोकांच्या गमती सांगत होते, हा नुसता हूं हूं करत होता. तीन सुट्ट्यांत डोकं उभं राहिलं. ओलं फडकं गुंडाळताना त्याला इतका आनंद झाला की दुकान उघडलं त्या दिवशीही तेवढा झाला नव्हता.

शेवटच्या रविवारी काका यायच्या आधीच तो डोकं घेऊन वर्गात पोहोचला. त्यानं फडकं सोडलं.

मास्तरांनी डोकं निरखलं. फिरवलं. कंपास लावून मापं घेतली.

"मापं चोख आहेत," ते म्हणाले. "पण हे काका वाटत नाहीत."

सगळे भोवती जमले. मास्तर आणखी थोडा वेळ बघत राहिले.

"काकांनी भिंग कुठल्या डोळ्याला लावलं हो?"

"उजव्या," सलूनवाला म्हणाला.

"तुमच्या काकांनी डाव्या. नाक उलटीकडे, भांगही उलटीकडे. कुठे बघून केलंत हे?"

सलूनवाल्याला आपलं दुकान आठवलं. खुर्ची, खुर्चीत काका, आणि काकांच्या पुढ्यातला भिंतभर आरसा. तीस वर्षं त्यानं माणसांचे चेहरे त्या आरशातच पाहिले होते.

वर्ग पोट धरून हसला. तोही हसला, पण आतून पार खचला. उठून त्यानं पिंपाचं झाकण काढलं. मोडायचंच तर निदान आपल्या हातानं मोडावं.

"थांबा," मास्तर म्हणाले. "काकांना बघू द्या. ठरलंय तसं होऊ दे."

काका आले. हात पाठीशी बांधून पहिल्या डोक्यापासून निघाले. एका मुलीचं काम सगळ्या वर्गानं वाखाणलं होतं. त्यालाही त्यांनी नुसतं "छान" म्हटलं आणि पुढे सरकले. आठव्यापाशी मात्र उभे राहिले ते राहिलेच. सलूनवाला जमिनीकडे बघत होता.

"मास्तर," काका म्हणाले, "ते सात जण कोण आहेत मला ठाऊक नाही. पण ह्याला मी रोज सकाळी तोंड धुताना बघतो."