चुकलेला टाका

माझ्या जन्माआधी आईनं विणलेला पिवळा स्वेटर पियानोवर पसरून मी नवी रचना बांधत होते. सुलट टाक्याला वरचा सूर, उलट टाक्याला खालचा. ओळीमागून ओळ वाजवायची, कागदावर उतरवायची. गणित शिकवणारा नवरा शेजारी बसून टाके तपासत होता. दुपारचं ऊन लोकरीत मुरावं तसे सूर खोलीत मुरत गेले. आई डोळे मिटून ऐकत होती. रिकामी बोटं विणत होती. छातीच्या ओळीत एक सूर भलताच लागला. "नक्षीचा नियम इथे मोडलाय," नवरा म्हणाला. मी खोडरबर उचललं. आईची बोटं थांबली. "एवढी शिकलीस ती माझ्या चुका काढायला?" ती हसली. "राहू दे गं तो. तिथे विणत होते आणि तू पोटात पहिल्यांदा लाथ मारलीस. टाकाच चुकला." खोडरबर ठेवून मी त्या सुरावर रेंगाळायची खूण केली.