मुरघासाची गाडी

गाईंना मुरघास घालायचं काम नवऱ्यानं आजवर बायकोला कधी करूच दिलं नव्हतं. "तू हात आखडता घेतेस," असं म्हणून तो स्वतःच घमेली भरभरून गव्हाणीत ओतायचा. आज मात्र तोच तिला घेऊन ढकलगाडी निवडायला दुकानात आला होता.

"मोठी घ्या, काका. तुमच्या उंचीला बरी पडेल," दुकानदार म्हणाला.

"माझ्या नाही, हिच्या उंचीची दाखवा."

पहिली गाडी तिला जड वाटली. दुसरीचं चाक म्हणे अडत होतं, तिसरीची दांडी छातीला लागत होती. नवऱ्यानं दांडी कापून खाली घ्यायला लावली, चाकं मोठी बसवून घेतली आणि धापा टाकत तिथल्याच पोत्यावर टेकला.

"काकू, आता नुसतं बोट लावा, पळते की नाही बघा!" दुकानदार काकुळतीला आला होता.

तिनं बोट लावलं. गाडी भुर्रकन दारापर्यंत गेली.

"छे बाई, मला नाही जमायची. आपलं घमेलंच बरं."

"अगं, कधी वेळ आली तर..."

"कशाला येतेय वेळ? तुम्ही आहात ना!" त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली.

 

काल डॉक्टरांनी दोघांना वेगवेगळं आत बोलावून एकच गोष्ट सांगितली होती. "तिला कळू देऊ नका," असं तो म्हणाला होता आणि "ह्यांना कळू देऊ नका," असं ती.